छेद

६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरपाट्या असलेल्या ट्रकांवर दगड पडले आणि त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. बेंगळुरूत, मल्लेश्वरमच्या आमच्या घरी, मी त्या रात्री आधी कानडी वाहिनी पाहिली आणि मग मराठी. दोन्हीकडे आकडे होते. एकीकडे बेळगाव जिल्ह्यातल्या कन्नड भाषकांची टक्केवारी, दुसरीकडे ८६५ गावे. बोलणारे ते आकडे पाढ्यांसारखे म्हणत होते. पुढचे काही महिने मी त्या आकड्यांच्या मागे लागले. त्यांतले बहुतेक खरे निघतील अशी माझी अपेक्षा नव्हती.

आकडे हाताळणे हे माझे पोटापाण्याचे काम. त्याखेरीज आमचा पाच जणांचा एक हौशी गट आहे. पक्षांच्या नेत्यांची विधाने घ्यायची, त्यांतला आकडा कुठल्या तक्त्यातून आला ते शोधायचे, पुन्हा मांडायचा आणि जे निघेल ते लिहून ठेवायचे. रविवारी सकाळी इडली-वडा, कॉफी आणि पाच लॅपटॉप, एवढाच थाट. सीमाप्रश्न हाती घ्यायचा ठरले तेव्हा मला वाटले, मी कर्नाटकच्या नेत्यांची विधाने तपासावीत आणि आमच्यातल्या धारवाडकराने महाराष्ट्राच्या. परक्याची चूक लवकर दिसते. त्याने मान हलवली. ‘उलट करू,’ तो म्हणाला, ‘आपल्या घरातली अडगळ कुठल्या खोलीत आहे, हे आपल्यालाच माहीत असतं.’ तेव्हा मला हे नुसते चतुर बोलणे वाटले होते.

सुरुवात सोप्या विधानापासून केली. नोव्हेंबरात कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले होते की सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातील ४० ग्रामपंचायतींनी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला आहे. महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी उत्तर दिले की हे ठराव २०१२ सालचे, पाण्याच्या टंचाईने गांजलेल्या गावांनी केलेले. अलीकडे असा एकही ठराव नाही. दोघे एकाच पक्षाचे. ठराव झाले होते हे खरे, पण ‘केला आहे’ या क्रियापदाने दहा वर्षे गिळून टाकली होती. मी जतच्या मातृभाषेचा तक्ता काढून बसले होते आणि गोष्ट निघाली पाण्याची. गावे मागत होती म्हैसाळ योजनेचे पाणी; कुठल्या राज्यात राहायचे हा त्या मागणीला लावलेला हिसका होता. भाषेच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही. तपासणाऱ्याने आधी विधानातले क्रियापद पाहावे आणि मग आकडा, ही सवय मला तेव्हापासून लागली.

मग आले बेळगाव. मूळ पेच मराठी वाचकाला ठाऊक असला तरी थोडक्यात सांगते. मे १९४६ मध्ये बेळगावातच भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ज्या शहरात ही मागणी नीट बाळसे धरू लागली तेच शहर हाती लागले नाही, हा सल मराठी लिहिणाऱ्यांच्या मनातून जात नाही त्याचे एक कारण हेही असावे. पुढे फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली अहवाल दिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला.

आता त्या दोन वाहिन्यांवरचे आकडे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात कन्नड मातृभाषा सांगणारे सुमारे ६८ टक्के आहेत आणि मराठी सांगणारे १९ टक्क्यांच्या आतबाहेर. कर्नाटकचा नेता हा आकडा सांगतो तेव्हा तो खरेच बोलत असतो. १९५१ च्या जनगणनेत बेळगाव तालुक्यात मराठी भाषक सुमारे ६० टक्के होते. महाराष्ट्राचा नेता हे सांगतो तेव्हा तोही खरेच बोलतो. शाळेत अपूर्णांक शिकवताना वरचा अंश आणि खालचा छेद असे सांगतात. हा सगळा वाद अंशाचा दिसतो, पण आहे तो छेदाचा. कर्नाटकचा छेद जिल्हा, महाराष्ट्राचा छेद गाव. पुनर्रचना आयोगाने मोटामोटी जिल्हा धरला. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतले मराठी बहुमत त्याने नाकारले नाही, ते थोडे आहे म्हणाला आणि व्यापार-दळणवळणाचे संबंध पुढे केले. गावाचा छेदही महाराष्ट्राने हवेतून काढलेला नव्हता. आंध्र आणि मद्रास यांच्यातला सीमावाद ज्या सूत्राने मिटला, त्यात गाव हाच घटक होता. १९५९ च्या कायद्याने तिथली गावे इकडची तिकडे झाली. तो तोडगा सुचवणारे हरि विनायक पाटसकर मराठीच. संयुक्त महाराष्ट्राची बाजू मांडणाऱ्यांत धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थशास्त्रज्ञ होते. आकडा म्हणजे काय आणि त्याने काय सिद्ध होत नाही, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

हा छेदाचा खेळ एकदा दिसू लागला की सगळीकडे दिसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक सरकार दिल्लीत जंतरमंतरवर बसले ते करांच्या वाट्यासाठी. राज्यांमध्ये वाटल्या जाणाऱ्या करांतला कर्नाटकचा हिस्सा चौदाव्या वित्त आयोगाने ४.७१३ टक्के ठरवला होता, पंधराव्याने तो ३.६४७ टक्क्यांवर आणला. केंद्राचे उत्तर रुपयांत होते: पूर्वीपेक्षा किती तरी जास्त रक्कम दिली. दोन्ही बरोबर. एकाने वाटा सांगितला, दुसऱ्याने रक्कम, आणि प्रत्येकाने आपल्या सोयीचे वर्ष निवडले. आमच्या गटात त्या रविवारी फारसा वाद झाला नाही. पैशाच्या प्रश्नात आमच्यापैकी कुणाची आजी गुंतलेली नव्हती.

महाराष्ट्राची विधाने माझ्या वाट्याची होती, म्हणून ८६५ वर मी अधिक वेळ घालवला. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने एकमताने ठराव केला, त्यात बेळगाव, कारवार, बिदर, निपाणी, भालकी या शहरांसह ८६५ मराठी भाषक गावांचा उल्लेख आहे. सभांमध्ये मात्र हाच आकडा ‘बेळगावची ८६५ गावे’ असा फिरतो. ती एकट्या बेळगावची नाहीत. बिदर आणि भालकी निजामाच्या हैदराबाद राज्यातून आलेली, कारवार मुंबई राज्यातल्या कानडा जिल्ह्यातले. शिवाय १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची होती. जुन्या लढ्याची गोष्ट सांगताना नवा आकडा सर्रास मागे नेला जातो.

महाजन आयोगाबद्दलची विधाने ही स्वतंत्र जात आहे. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर, महाराष्ट्राच्या आग्रहावरून नेमलेला हा आयोग. निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांनी १९६७ मध्ये अहवाल दिला आणि तो महाराष्ट्रानेच फेटाळला. कर्नाटकचे पक्ष गेली पन्नास-पंचावन्न वर्षे म्हणत आले आहेत की महाजन अहवाल हाच शेवटचा शब्द. हे विधान धारवाडकराच्या वाट्याचे. त्याने अहवालातल्या शिफारशी काढल्या: २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे म्हैसूरला. महाराष्ट्राकडे जायच्या भागात निपाणी आणि खानापूर. म्हैसूरकडे जायच्या भागात जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर. मग त्याने एका रविवारी शांतपणे विचारले, ‘अहवाल शेवटचा शब्द असेल, तर निपाणी अजून आमच्याकडे कशी?’ ‘एक इंचही देणार नाही’ आणि ‘महाजन अहवाल अंतिम’ ही दोन वाक्ये एकाच भाषणात येतात, आणि ती एकमेकांना खोटे पाडतात. त्यासाठी संगणक लागत नाही. पण हे त्याने म्हटले म्हणून मोलाचे. मी म्हटले असते तर ते नेहमीचे झाले असते.

माझ्या वाट्याला कारवार होते. महाराष्ट्राने कारवार, हल्याळ, सुपे मागितले तेव्हा कोकणी ही मराठीची बोली धरली होती. कोकणी मराठीत मिळवली तर एक चित्र, वेगळी मोजली तर अगदी निराळे. आयोगाने वेगळी मोजली. त्याच वर्षी, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्याच्या लोकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही यावर मत दिले आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने वेगळे राहणे पसंत केले. १९९२ मध्ये कोकणी आठव्या अनुसूचीत गेली. तरी आजही भाषणांत ‘मराठी भाषक कारवार’ येतेच. माझ्या वहीत त्यापुढे लिहिले आहे: कोकणी वगळून दाखवा. हे लिहिताना मला बरे वाटले नाही, हे कबूल करते. आमच्या घरात सीमाप्रश्न बातमी म्हणून कधीच आला नाही. तो सुतकासारखा पाळला जाई. दर १ नोव्हेंबरला, इकडे सगळे राज्योत्सव साजरा करत असताना, आमच्या गावी काळा दिवस.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला. १९५१ च्या फेब्रुवारीत जनगणना झाली तेव्हा आजोबा तिथल्या शाळेत मास्तर होते आणि मास्तरांना गणनेचे काम लागते, तसे त्यांनाही लागले. ही गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली आहे. भाषावार प्रांत होणार हे सर्वांना कळून चुकले होते, माणसे दारात उभी राहून ‘मराठी लिवा मास्तर’ असे ओरडून सांगत, आणि आजोबांनी कसे एकेक घर नीट नोंदवले. शाळेच्या वहीत त्यांनी घरवार टाचण ठेवले होते. २०२३ च्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा ती वही मी माळ्यावरून काढली. बांधणी सुटलेली, शाई तपकिरी. आमच्या घराची ओळ दुसऱ्या पानावर होती: माणसे नऊ, मराठी नऊ.

आजीचे माहेर बैलहोंगलचे. आमच्यासारख्या घरांत सोयरीक जुळवताना भाषेची हद्द कुणी पाहत नसे. ती आमच्याशी मराठी बोलायची, तिच्या भावांशी कानडी, आणि देवापुढे बसली की फक्त कानडी. मरण्याआधीच्या आठवड्यात तिची मराठी पूर्ण गेली; माझी आई, जिला कानडी जेमतेम येई, तिच्या उशाशी बसून अंदाजाने ‘हौदु, हौदु’ म्हणत राहिली.

१९५१ च्या गणनेत मातृभाषेची व्याख्या होती, पाळण्यापासून बोललेली भाषा. १९६१ पासून ती बदलली: बालपणी आईने ज्या भाषेत त्या माणसाशी बोलणे केले ती. कुठलीही व्याख्या लावा, आजीची मातृभाषा कानडीच. आजोबांना हे माहीत नव्हते असे म्हणणे म्हणजे त्यांच्या हुशारीचा अपमान. त्यांनी तिला विचारलेही नसणार. आणि शेजारच्या कानडी वस्त्यांत एखाद्या मराठी माहेराच्या सुनेला त्या गावच्या मास्तरांनी कन्नड लिहिले नसेल, असे मानायला माझ्याकडे आधार नाही. आपल्या मनात असते की आकडा खरा असतो आणि पुढारी तो वाकवतो. इथे वाकवणारा हात पहिल्या टाचणातच होता, आणि तो मला कणीक मळायला, रांगोळी काढायला शिकवणाऱ्या बाईच्या नवऱ्याचा होता.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. पंजाबात त्याच १९५१ च्या गणनेत हिंदी की पंजाबी यावरून एवढे वातावरण तापले की तिथे हिंदी, उर्दू, पंजाबी आणि पहाडी यांचे आकडे वेगळे न देता एकत्रच छापले गेले. बेल्जियमचे उदाहरण तर मला सीमाभागाचे जुळे भावंड वाटते. तिथे डच आणि फ्रेंच भाषकांच्या हद्दी जनगणनेच्या आकड्यांवर सरकत असत. १९४७ च्या गणनेचे भाषेचे निकाल इतके वादग्रस्त ठरले की ते छापायला १९५४ उजाडले. लोक भाषा कुठली बोलतात हे सांगण्याऐवजी कुठल्या बाजूला जायचे आहे हे सांगतात, अशी ओरड झाली. शेवटी १९६१ मध्ये त्यांनी गणनेतून भाषेचा प्रश्नच काढून टाकला आणि लगोलग भाषेची हद्द कायद्याने कायमची आखून घेतली. मोजणेच थांबवले. मला हा उपाय पटत नाही, पण त्यांच्या कंटाळ्याचे कारण मला आता समजते.

आमच्याकडे मोजणे थांबलेले नाही, पण ज्या छेदावर महाराष्ट्राचा सगळा दावा उभा आहे तो छेदच हाती लागत नाही. जनगणनेचे मातृभाषेचे तक्ते राज्य, जिल्हा, तालुका आणि शहरांपर्यंत मिळतात. गाववार छापले जात नाहीत. २०११ चे भाषेचे आकडेच २०१८ मध्ये बाहेर आले. डेटामीट या बेंगळुरूत रुजलेल्या गटामुळे नकाशे मिळवणे पूर्वीसारखे जिवावरचे राहिलेले नाही. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी असे तालुके रंगवून मी पडद्यावर पाहू शकते. तालुक्याच्या आत मात्र एकच सपाट रंग. त्यामुळे ‘८६५ मराठी गावे’ हे विधान आज कुठल्याही पक्षाने केले, तरी त्याचा आधार सत्तर वर्षांपूर्वीची, आजोबांसारख्यांनी भरलेली टाचणे हाच आहे. महाराष्ट्राचा २००४ सालचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पुढची जनगणना २०२१ ची रखडून १ मार्च २०२७ या तारखेवर गेली आहे.

पक्षांनी यावर एक पळवाट काढली आहे: भाषेऐवजी मते मोजायची. महाराष्ट्र एकीकरण समितीचा २०१८ आणि २०२३ च्या विधानसभेत एकही आमदार नाही, म्हणजे मराठी माणसाने प्रश्न सोडून दिला, असे कर्नाटकात सगळेच राष्ट्रीय पक्ष सांगतात. हेही छेदाचेच प्रकरण. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत भाजपचा विजय ५,२४० मतांचा होता आणि समितीच्या पाठिंब्याच्या तरुण उमेदवाराला सुमारे १ लाख १७ हजार मते पडली होती. जागा मोजल्या तर शून्य, मते मोजली तर निकाल फिरवण्याइतकी. त्या मतांतही प्रत्येक मत सीमेसाठी होते असे म्हणणे चुकीचे. माझा चुलतभाऊ तिथे मत देतो आणि त्याची मुलगी धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकते. ‘सीमा बदलली तर तिची फी वाढेल का?’ असे त्याने मला गंभीरपणे विचारले होते.

गटात वही दाखवायची की नाही यावर मी तीन रविवार घालवले. दाखवली. धारवाडकराने ती ओळ वाचली, त्याला मराठी वाचता येते; काही बोलला नाही, पान उलटून पुढची घरे पाहू लागला. मग त्याने विचारले, आजीचे नाव काय. मी सांगितले. बैलहोंगलात ते नाव कसे म्हणतात ते त्याने म्हणून दाखवले, शेवटी ‘व्वा’ लावून. माहेरी तिला तसेच हाक मारत असत.

आमच्या नोंदींत त्या दिवशी एक ओळ वाढली. खानापूर तालुका, गाव, १९५१, घरवार टाचणावरून: मराठी एक वजा, कन्नड एक अधिक. गावचे मराठी बहुमत तसेच राहिले.